काचेवरची पाचवी खूण

१

फोटो जागेवर नव्हता.

हेस्टर गॅरडने पुठ्ठ्याचं फोल्डर उलटं करून झटकलं, कपाटाच्या फळीवरून हात फिरवला, मग गुडघे टेकून कपाटाखाली बॅटरी मारली. एक वाळलेला कोळी आणि कुणाच्या तरी कोटाचं बटण, एवढंच निघालं. फोटोभोवती गुंडाळलेला पातळ कागद मात्र फोल्डरमध्येच होता, नीट चार पदरी घडी घातलेला. फोटो असा व्यवस्थित चोरीला गेलेला तिने आजवर पाहिला नव्हता.

शनिवार, सकाळचे दहा. मंडळाची बैठक दुपारी चारला.

मार्लस्टेड गावातल्या जुन्या शाळेच्या माडीवर जुन्या मोटारींच्या मंडळाची ही खोली. हेस्टर अडुसष्ट वर्षांची. तरुणपणी रेशमाच्या गिरणीत कापड तपासायची, नवऱ्यामुळे मोटारींच्या नादी लागली आणि नवरा गेल्यावरही नाद सुटला नाही. लोक कुठून कुठून पणजोबांचे पिवळे पडलेले फोटो पाठवत, आणि ही बाई चाकाचा तुंबा नि दिव्याची कडी पाहून मोटारीचं कूळ नि साल सांगत असे. तिचा शब्द सहसा खाली पडत नसे.

या खेपेचा फोटो मात्र परक्याचा नव्हता. विल्फ्रेड थरलोच्या आजोबांनी, हेन्री थरलो लोहारांनी, आपल्या हातांनी एकच मोटार बनवली होती. तशी दुसरी जगात नाही. नोव्हेंबरात लंडनहून ब्रायटनला जुन्या मोटारींची दौड निघते, तिच्यात १९०४ संपायच्या आत जन्मलेल्या मोटारीच घेतात. १ जानेवारी १९०५ ची मोटार म्हणजे त्यांच्या लेखी कालचं पोर. थरलोंच्या घरात मोटार १९०४ चीच म्हणून सांगत आले, पण कागद नव्हता. आणि अचानक गावातल्या जुन्या फोटोंच्या दुकानात हा फोटो सापडला, मागे आजोबांच्या हातची पेन्सिलीची ओळ घेऊन: ‘पहिली फेरी, १९०४.’

विल्फ्रेड त्र्याऐंशी वर्षांचा. डोळ्यांच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या वर्षी गाडी चालवायचा परवाना मिळणार नाही. म्हणजे जायचं तर याच नोव्हेंबरात. आणि दौडीच्या यादीत नाव घालायची मुदत आज संध्याकाळी संपत होती.

हेस्टरने फोन उचलला आणि विल्फ्रेडचा नंबर फिरवला.

“विल्फ, फोटो गेलाय रे. कपाटात नाही.”

तो म्हणाला, “घाबरू नकोस, हेस्टर. माझ्या आजीचा तेवढा एकच फोटो होता... पण असू दे. वार्तापत्रात छापलेली प्रत आहे ना? तिच्यावर मंडळाचं भागेल.”

“भागेल का?”

“भागायला हवं,” विल्फ्रेड म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात जिन्यावर काठीचा ठक ठक आवाज आला. मंडळाचे अध्यक्ष सहा तास आधीच हजर झाले होते.

२

लायोनेल पेटिट यांची उभी हयात रेल्वेची वेळापत्रकं आखण्यात गेली होती. घरातलं मांजरसुद्धा घड्याळाकडे बघून दूध मागतं, असं गावात म्हणत. हेस्टरने हकिकत सांगितली, ती त्यांनी उभ्यानेच ऐकली.

“मग थरलोंचं नाव यादीत जाणार नाही,” ते म्हणाले.

“मिस्टर पेटिट, अहो, गुरुवारी आपण चौघांनी फोटो डोळ्यांनी पाहिलाय! प्रतही आहे.”

“प्रतीला पाठ नसते, मिसेस गॅरड. साल पाठीवर होतं. नियम क्रमांक नऊ: मूळ फोटो टेबलावर हवा. नियम मी केलेला नाही.”

“तुम्हीच केलात. मी चहा ओतत होते तेव्हा.”

पेटिट किंचित खाकरले. “बरं, केला असेन. पण मोटारीच्या रूपावरून काय ठरतं ते तुम्हीच बोललात. नंबरपाटी आहे म्हणजे १९०४ च्या आधीची नाही, कारण त्याआधी पाट्याच नव्हत्या. पण त्यानंतरची असेल तर? १९०५, १९०६, काहीही.”

हेस्टर हे खरंच बोलली होती. गावातून दौडीला जाणारी आजवर एकच मोटार होती, ती पेटिट यांची. दरवर्षी स्थानिक वर्तमानपत्रात त्यांचा टोपी हलवतानाचा फोटो यायचा. थरलोंची मोटार आली तर टोपीला वाटेकरी येणार होता.

“काल तुम्ही कितीला गेलात?” तिने विचारलं.

“म्हणजे माझ्यावर संशय आहे तर!” पेटिट चक्क खूश झाल्यासारखे दिसले. “पाच वाजून दहा मिनिटांनी. वार्तापत्रं पाकिटात घालायला आपण सगळे आलो होतो. तुम्ही, मी, थरलो, आणि ती फोटोवाली कॅचपोल. किल्ली घड्याळामागच्या खिळ्याला असते हे चौघांना ठाऊक. पण खोली बंद कोण करतं? तुम्ही. चार वाजता मला ते लिहून घ्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका.”

ते गेले. ‘वाईट वाटून घेऊ नका’ म्हणणाऱ्या माणसाला एकदा तरी जिन्यावरून ढकलावं असं हेस्टरला मनापासून वाटलं.

मग तिची नजर टेबलावरच्या काचेवर गेली.

मंडळाची एक रीत होती. जुना फोटो हाताळायचा नाही. वर काच ठेवायची, आणि ज्याला जे दिसेल त्याभोवती पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने काचेवर गोल करायचा. गुरुवारची काच अजून पुसायची राहिली होती. हेस्टरने वार्तापत्रासाठी काढलेली त्याच मापाची प्रत काचेखाली सरकवली आणि गोल जुळवले. पहिला तुंब्यावर आणि दुसरा दिव्यावर बसला, ते पेटिट यांचे. तिसरा चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर, चौथा नंबरपाटीवर, ते तिचे.

पण काचेवर पाचवीही खूण होती. अगदी उजव्या टोकाला. कुणीतरी अंगठ्याने ती पुसली होती, पण मेण असं सहज जात नाही. आणि त्या खुणेखाली प्रतीमध्ये काहीच नव्हतं. तिथे नुसतं टेबलाचं लाकूड दिसत होतं.

कारण प्रत कापलेली होती. वार्तापत्रात छापताना मोटारीच्या कडेने कात्री चालवायची, ही मंडळाची दुसरी रीत. बाजूचं अंगण, भिंत, माणसं हवीत कुणाला? आणि ही कात्री गुरुवारी रात्री हेस्टरने स्वतः चालवली होती. कापलेली पट्टी कचऱ्यात, आणि कचरा काल सकाळीच गेलेला.

त्या टोकाला काय होतं, ते तिला काही केल्या आठवेना. खरं सांगायचं तर तिने तिथे पाहिलंच नव्हतं.

३

ब्रायोनी कॅचपोलचं दुकान चर्चच्या समोर. जुने फोटो विकायचे, हाच धंदा. वय पस्तिशीचं, जीभ धारदार. हेस्टर आत शिरली तेव्हा ती एक चपटं पार्सल बांधत होती, आणि हेस्टरला पाहताच तिने त्यावर वर्तमानपत्र पसरलं.

हेस्टर पार्सलापाशी जाऊन उभी राहिली.

“काय बांधतेयस?”

“माल.”

“ब्रायोनी, थरलोंचा फोटो चोरीला गेलाय.”

ब्रायोनीच्या हातातली दोरी तशीच राहिली. “माझा फोटो? मी उसना दिलेला? आणि तुम्ही काय, माझी झडती घ्यायला आलात?”

“तुला त्यासाठी गिऱ्हाईक होतं म्हणे.”

“होतं ना. परदेशातला एक जण मागे लागला होता. मी त्याला नाही म्हटलं. थरलो म्हातारबुवांना तो फोटो वाढदिवसाला द्यायचं कधीच ठरवलंय मी, आणि ते तुम्हाला कळू नये म्हणून गप्प होते. हे बघा!” तिने फरकन वर्तमानपत्र ओढलं. पार्सलात एक रिकामी लाकडी चौकट होती, नवीन पॉलिश केलेली. “आता चौकटीत काय घालू? तुमचं तोंड?”

हेस्टर खुर्चीवर बसली. तिला रडू येईलसं झालं होतं, आणि ते तिने लपवलंही नाही. ब्रायोनी मग नरमली आणि तिने चहा ठेवला.

“त्या फोटोच्या उजव्या टोकाला काय होतं गं?” हेस्टरने विचारलं.

“म्हणजे? तुम्ही दोन तास भिंग लावून बसला होतात की!”

“मोटारीला लावलं होतं.”

“कमाल आहे तुमची. बायकोला कापून टाकता आणि मडगार्ड जपून ठेवता.” ब्रायोनीने मोबाइल काढला. “घेतला तेव्हा मी असाच एक टिपून ठेवला होता. स्पष्ट नाहीये, पण बघा.”

मध्यभागी मोटार, तिच्यावर ताठ बसलेला लोहार. उजवीकडे कामशाळेचं दार, आणि दारात एक उंच बाई, कडेवर शालीत गुंडाळलेलं तान्हं बाळ. तिच्या मागे भिंतीवर कसलासा कागद चिकटवलेला. शालीची किनार पंख्यांसारख्या नक्षीची होती, तेवढी अंधूक चित्रातही कळत होती.

पाचवी खूण बरोबर त्या बाळावर पडत होती.

“ही बाई कोण असेल?” हेस्टरने विचारलं.

“मला काय ठाऊक? मी फोटोसोबत काही नाव दिलं नव्हतं. गुरुवारी तुमच्यापैकी कुणी तिचा विषयसुद्धा काढला नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.”

हेस्टरने कप खाली ठेवला. विषय कुणी काढला नव्हता. छापलेल्या प्रतीत ती बाई नव्हती. आणि सकाळी फोनवर एक माणूस सहज म्हणून गेला होता: माझ्या आजीचा तेवढा एकच फोटो होता. ओळख पटूनही तो गुरुवारी बोलला नव्हता; म्हणजे ती पुसलेली खूण त्याचीच.

चर्चच्या घड्याळात एक वाजला. ज्याच्यासाठी ती सकाळपासून जीव टाकत होती, त्याच्याच दारात आता तिला चोर पकडायला जायचं होतं.

४

विल्फ्रेड आपल्या शेडमध्ये होता. मोटार पुसून लख्ख केलेली, जणू आज संध्याकाळीच निघायचंय. हेस्टरला पाहून त्याने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. दोनदा दुमडून, चार पदरी.

“मिळाला का?” तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

“तूच दे, विल्फ.”

फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा त्याने खाली काढला. फोटो आत होता, स्वच्छ रुमालात.

“जाळायला आणला होता,” तो म्हणाला. “काल संध्याकाळी चुलीपाशी तीनदा गेलो. आजीला जाळवेना गं. घरात तिचा दुसरा फोटो नाही.”

“पण का? ह्या फोटोमुळेच तुझी मोटार दौडीला जाणार होती ना?”

“ते बाळ बघितलंस?” त्याने बोट ठेवलं. “ती शाल माझ्या पेटीत आहे. माझ्या बाबांना चर्चमध्ये नाव ठेवायला नेलं ते तिच्यातच. मलाही. बाबा आजी-आजोबांचे एकुलते एक. आणि बाबा जन्मले मे १९०६ ला. आता हिशोब कर. बाबा कडेवर असतील तर फोटो १९०६ चा. मग मागे १९०४ लिहिलंय ते काय?”

“आजोबा चुकले असतील.”

“पहिल्या फेरीचं साल कुणी चुकतं? खोटं लिहिलं त्यांनी! लहानपणापासून ऐकत आलो, हेन्री थरलोचा शब्द म्हणजे लोखंड. आणि हे बघ लोखंड.” त्याने पाठीवरची पेन्सिलीची ओळ तिच्यासमोर धरली. “गुरुवारी मी बाळावर खूण केली, आणि लगेच पुसली. म्हटलं, ह्यांचं लक्ष मोटारीवर आहे, राहू दे. पण आज सह्या करताना फोटो पुन्हा टेबलावर येणार. कुणी विचारलं, हे पोर कोण, तर मला खोटं बोलता येत नाही. फोटो नसेल तर कापलेल्या प्रतीवर भागेल असं वाटलं. तो नववा नियम मी कुठे वाचलाय? मला एकदा, एकदाच त्या रस्त्यावर जायचं होतं, हेस्टर.”

“आणि माझ्यावर आळ आला असता तर?”

“तो आला असता तर मी बोललोच असतो.”

“कधी? मला हाकलल्यावर?”

हेस्टरला त्याचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि दोन्हींपैकी कशालाही वेळ नव्हता. पावणेदोन वाजले होते. तिने पर्समधून कापड तपासायचं आपलं जुनं पितळी भिंग काढलं.

“गिरणीत पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट शिकवली होती,” ती म्हणाली. “तपासणी काठापासून सुरू करायची. गुरुवारी मी ती विसरले. दे इकडे.”

आणि तिने भिंग फोटोच्या अगदी उजव्या काठावर टेकवलं.

५

भिंतीवरचा कागद म्हणजे जाहिरात होती. वरचा भाग आजीच्या टोपीने झाकलेला. खाली मात्र ठसठशीत अक्षरं: ‘पुष्पप्रदर्शन, शनिवार, १३ ऑगस्ट’. साल नव्हतं.

“साल नाही,” विल्फ्रेड म्हणाला. “मग काय उपयोग?”

हेस्टरने फोन लावला. “मिस्टर पेटिट, तेरा ऑगस्टला शनिवार कोणकोणत्या साली होता? १८९५ ते १९१५ मधलं सांगा.”

रेल्वेची वेळापत्रकं आखलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे मांजराला मासा दाखवणं. दहा सेकंदही लागले नाहीत.

“१८९८, १९०४, १९१०. का हो?”

“चारला सांगते,” म्हणून तिने फोन ठेवला. “विल्फ, ऐक. १८९८ ला मोटारींना नंबरपाट्या नव्हत्या. ते बाद. १९१० ला तुझी आजी...”

“१९०९ ला गेली. बाबा तीन वर्षांचे होते.” तो थांबला. “म्हणजे १९१० पण बाद.”

“उरलं काय?”

विल्फ्रेडला आशा धरायची भीती वाटत होती. “जाहिरात जुनी असेल. दोन वर्षं भिंतीवर राहिली असेल.”

“ह्या देशातल्या पावसात? बाहेरच्या भिंतीवर? कोपरेसुद्धा उचललेले नाहीत.”

“पेटिट असंच म्हणणार. आणि मग हे बाळ कोण? बाबा तर नाहीत. आणि दुसरं मूल नव्हतंच.”

“तुला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच,” हेस्टर हळूच म्हणाली. “चल माझ्याबरोबर. तुझ्या आजी-आजोबांची कबर दाखव.”

दोघं चर्चच्या मागे पोचली तेव्हा अडीच वाजून गेले होते. विल्फ्रेड धापा टाकत होता. हेन्री आणि ॲग्नेस थरलो यांचा दगड भिंतीलगत होता, आणि त्याच्या शेजारी फुलांची मोठी मातीची कुंडी. हेस्टरने आजूबाजूचे छोटे दगड एकेक करून वाचले. एकावरही थरलो नव्हतं. तिने पुन्हा वाचले. तीन वाजायला आले. आपला तर्क चुकला असेल तर ह्या म्हाताऱ्याला आपण उगाच इथवर ओढत आणलं, असं तिला वाटू लागलं.

“ही कुंडी इथे कुणी ठेवली?” तिने अखेर विचारलं.

“मीच. पन्नास वर्षं झाली. दर ईस्टरला फुलं बदलतो. खाली बसकी फरशी आहे म्हणून बरी बसते.”

हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून कुंडी सरकवली.

फरशी हातभर लांबीची होती, शेवाळाने हिरवी झालेली. हेस्टरने रुमाल ओला करून घासला आणि बॅटरी तिरपी धरली. अक्षरांच्या सावल्या एकेक करून उभ्या राहिल्या.

‘एडविन. हेन्री व ॲग्नेस थरलो यांचा मुलगा. मे १९०४ – जानेवारी १९०५.’

“एडविन तर माझे बाबा,” विल्फ्रेड पुटपुटला.

“त्या काळी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायचे, विल्फ. शालही तीच वापरायचे. आणि पुढच्याला कुणी काही सांगायचं नाही.”

तो गुडघ्यांवर बसला. फरशीवर कुंडीच्या बुडाचा गोल डाग पडला होता, आणि तो त्या डागावरून बोटं फिरवत राहिला.

“पन्नास वर्षं त्याच्या अंगावर कुंडी ठेवली मी,” तो म्हणाला. “आणि आजोबांना खोटारडं म्हटलं.” मग तो रडला, आणि हेस्टर त्याच्या शेजारी ओल्या गवतात बसून राहिली. घड्याळात साडेतीन झाले तेव्हा तिने त्याला उठवलं.

६

चार वाजायला दोन मिनिटं असताना दोघं माडीवर पोचली. पेटिट आणि ब्रायोनी टेबलाशी बसले होते. मधे काच, पेन्सिल, कात्री आणि पेटिट यांची वही.

हेस्टरने काय सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं: फोटो कपाटामागे पडला होता. पण तिने तोंड उघडायच्या आत विल्फ्रेडने रुमाल सोडून फोटो टेबलावर ठेवला.

“मी चोरला होता,” तो म्हणाला. “मिसेस गॅरडचा काही संबंध नाही. आधी ते लिहून घ्या.”

मग त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शाल, डबा, चूल, जाहिरात, फरशी. पेटिट यांनी भिंग घेतलं आणि जाहिरातीवर बराच वेळ धरलं. मग ते बाळावर नेलं आणि तिथे त्याहून जास्त वेळ धरलं.

“शनिवार, तेरा ऑगस्ट,” पेटिट म्हणाले. “फरशीवरच्या तारखा मी उद्या स्वतः जाऊन बघेन. पण यादी आज जायची आहे, तेव्हा आज मिसेस गॅरडच्या शब्दावर सही करतो. मोटार १९०४ ची.” त्यांनी वहीत लिहिलं, आणि दौडीच्या यादीत विल्फ्रेड थरलोचं नाव घातलं. आपल्या नावाच्या बरोबर खाली.

विल्फ्रेडने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“आता चोरीचं,” पेटिट म्हणाले. “मिस कॅचपोल, फोटो तुमचा.”

“माझा कुठला? मी तो त्यांना कधीच देऊन टाकलाय. चौकट बनवलीय, विचारा ह्यांना.”

“तरीही कपाट मंडळाचं आहे. थरलो, नाताळापर्यंत प्रत्येक बैठकीचा चहा तुम्ही करायचा. आणि कपबश्याही धुवायच्या.” त्यांनी हेस्टरकडे पाहिलं. “मिसेस गॅरड, सकाळी मी जे म्हणालो ते... सकाळचं होतं.”

माफी मागायची त्यांची एवढीच ऐपत होती. हेस्टरने ती घेतली.

“पुढच्या अंकात फोटो पुन्हा छापावा लागेल, दाखल्यासह,” पेटिट म्हणाले. त्यांचा हात सवयीने कात्रीकडे गेला. मग त्यांनी कात्री उचलून खणात टाकली आणि खण लावून घेतला. “या वेळी कापायचा नाही. खाली ओळ काय घालू? थरलो, तुम्ही सांगा. मंडळाची रीत अशी की आधी मोटारीचं नाव, मग साल, मग चालवणारा.”

विल्फ्रेड फोटोवर वाकला. कमजोर डोळ्यांनी त्याने उजवा काठ शोधला.

“आधी पोराचं नाव घाला,” तो म्हणाला. “एडविन थरलो, वय तीन महिने. मोटार त्याच्या मागून येऊ दे.”

पेटिट यांनी तसंच लिहून घेतलं.